मदत हवी आहे: पॅकेज मॅनेजरचा डेटाबेस, कॅश आणि पॅकेजेस डिस्कवर नेमकी कुठे ठेवावीत?

उंबरठा

लिनक्स डिस्ट्रोच्या पॅकेज मॅनेजरला (सॉफ्टवेअर बसवणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रॅमला) हात न लावता त्याच्या जोडीने चालणारा एक छोटा पॅकेज मॅनेजर आहे, नाव 'पोतडी'. एकाच कंपायलरच्या किंवा लायब्ररीच्या तीन-चार आवृत्त्या शेजारी शेजारी नांदाव्यात, एवढंच त्याचं काम. आजची मांडणी अशी:

पॅकेजेस: /ऑप्ट/पोतडी/पॅकेजेस/नाव-आवृत्ती
डेटाबेस: /व्हार/लिब/पोतडी/डीबी.एसक्यूलाइट
डाउनलोड केलेल्या फायली: त्याही /व्हार/लिब/पोतडी मध्येच
पॅकेज उलगडायची तात्पुरती जागा: /टीएमपी
लॉक: /व्हार/लिब/पोतडी/लॉक (ही फाइल दिसली की दुसरी पोतडी चालू होत नाही)

अडचणी तीन. काही यंत्रांवर इन्स्टॉल अगदी शेवटच्या पायरीला 'इनव्हॅलिड क्रॉस-डिव्हाइस लिंक' म्हणून आपटतं, काहींवर कधीच नाही. दुसरी, बीटीआरएफएस फाइलसिस्टिमचा जुना स्नॅपशॉट परत आणला की पोतडी म्हणते २.४ बसवलंय आणि डिस्कवर असतं २.३. तिथे /व्हार चा सबव्हॉल्यूम (फाइलसिस्टिमचा स्वतंत्र भाग) वेगळा आहे, स्नॅपशॉट फक्त रूटचा निघतो. तिसरी, प्रक्रिया मध्येच मेली की लॉक तसंच राहतं आणि हाताने पुसावं लागतं.

निक्स या पॅकेज मॅनेजरसारखं सगळं एकाच /पोतडी खाली हलवलं तर हे सुटेल का?

आयनोड४२

पहिल्या अडचणीचं कारण सरळ आहे. रिनेम ही सिस्टिम कॉल एकाच फाइलसिस्टिमच्या आतच चालते, हद्द ओलांडली की हीच एरर येते. फेडोरात आवृत्ती १८ पासून आणि डेबियनमध्ये १३ पासून /टीएमपी बाय डिफॉल्ट टीएमपीएफएसवर, म्हणजे रॅममध्ये असतं. ज्या यंत्रांवर ते रूटच्याच डिस्कवर आहे तिथे तुमचं चालून जातं. आणि बीटीआरएफएसवर दोन सबव्हॉल्यूम एकाच डिस्कवर असले तरी त्यांच्यामध्ये रिनेम होत नाही, हे पुष्कळांना उशिरा कळतं.

'मग कॉपी करून मूळ पुसू' हा मोह टाळा. कॉपी अर्ध्यात तुटली तर अर्धवट पॅकेज खऱ्या नावाने बसलेलं दिसतं. तात्पुरती जागा मुक्कामाशेजारीच हवी: /ऑप्ट/पोतडी/.कच्चे. डेबियनचा पॅकेज बसवणारा डीपीकेजी हेच करतो. नवी फाइल त्याच डिरेक्टरीत '.डीपीकेजी-न्यू' शेपटी लावून उलगडतो, एफसिंक करतो (मजकूर खरोखर डिस्कवर उतरवतो) आणि मग जुन्या नावावर रिनेम करतो.

क्रम असा: कच्चे मध्ये उलगडा, सिंकएफएस (अख्ख्या फाइलसिस्टिमसाठी तेच) एकदा मारा, अख्खी डिरेक्टरी रिनेम करा, वरच्या डिरेक्टरीवर एफसिंक, आणि त्यानंतरच डेटाबेसमध्ये कमिट. उलटा क्रम लावलात तर डेटाबेस 'आहे' म्हणेल आणि फायली नसतील. आपल्या क्रमात फार तर एखादी अनाथ डिरेक्टरी उरेल. चालू होताना डेटाबेसमध्ये नसलेल्या डिरेक्टऱ्या पुसून टाका.

'चालू आवृत्ती' दाखवणारी सिमलिंक असेल तर एलएन -एसएफएन वापरू नका. त्या कमांडच्या जुन्या आवृत्त्या आधी जुनी लिंक काढतात, मग नवी घालतात. मधल्या फटीत कोणी प्रोग्रॅम चालवला तर 'नो सच फाइल'. नवी लिंक दुसऱ्या नावाने करा आणि एमव्ही -टी ने जुनीवर चढवा.

जुनी_गाठ

दुसऱ्या अडचणीवर सविस्तर लिहितो, कारण खरा प्रश्न तोच आहे.

प्रत्येक फाइलीला दोन प्रश्न विचारा. ही पुसली तर परत तयार करता येते का? आणि स्नॅपशॉट मागे गेला तर हिने कोणाबरोबर मागे जायला हवं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर एफएचएस, म्हणजे लिनक्समध्ये कोणती फाइल कुठे ठेवायची याचं प्रमाण, देतं. पुसली तरी चालेल ती /व्हार/कॅश मध्ये, जपायची ती /व्हार/लिब मध्ये. म्हणून एपीटीच्या (डीपीकेजीसाठी पॅकेजेस उतरवून आणणाऱ्या साधनाच्या) डेब फायली /व्हार/कॅश/एपीटी/आर्काइव्हज मध्ये आणि डीपीकेजीची स्टेटस फाइल /व्हार/लिब/डीपीकेजी मध्ये असते. आर्च लिनक्सच्या पॅकमनचीही वाटणी अशीच. तुमचे डाउनलोड आजच /व्हार/कॅश/पोतडी मध्ये हलवा. तिथे 'कॅशडिर.टॅग' नावाची फाइल टाका. तिची पहिली ४३ अक्षरं ठराविक आहेत, ती बघून टार आणि काही बॅकअप साधनं ती डिरेक्टरी वगळू शकतात.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल एफएचएस गप्प आहे. त्याची ३.० आवृत्ती २०१५ ची, स्नॅपशॉट मागे नेण्याचा विचार तिच्यात नाही. डेटाबेस ज्या फायलींचं वर्णन करतो त्यांच्याबरोबरच त्याने मागेपुढे व्हायला हवं. फेडोरा-ओपनसुसेच्या आरपीएमला हीच ठेच लागली. पिढ्यान्‌पिढ्या /व्हार/लिब/आरपीएम मध्ये असलेला डेटाबेस ओपनसुसेने आधी आणि फेडोराने ३६ व्या आवृत्तीत, २०२२ मध्ये, /यूएसआर/लिब/सिसइमेज/आरपीएम मध्ये नेला. /यूएसआर मागे गेलं की त्याची यादीही मागे जाते.

तुमच्यासाठी मी अर्धी वाट सुचवेन. प्रत्येक पॅकेजच्या डिरेक्टरीतच एक साधी मजकुरी फाइल ठेवा: नाव, आवृत्ती, अवलंबित्वं, फायलींची यादी आणि चेकसम. तीच खरी नोंद. एसक्यूलाइट हा त्यावरचा नुसता निर्देशांक, कधीही पुन्हा बांधता येणारा. मग तो /व्हार/कॅश मध्ये गेला तरी बिघडत नाही.

एक गोष्ट मात्र पॅकेजवरून कळत नाही: ते युजरने मागितलं होतं की दुसऱ्याच्या ओढीने आलं. एपीटी ते /व्हार/लिब/एपीटी/एक्सटेंडेड_स्टेट्स मध्ये ठेवतो. हे हरवलं तर 'नको असलेली काढ' म्हटल्यावर हवी असलेलीही जातात. त्यासाठी /ऑप्ट/पोतडी/नोंदी मध्ये पॅकेजमागे एक चिमुकली फाइल पुरे.

आणि निर्देशांक शिळा झालाय हे ओळखायला /ऑप्ट/पोतडी/खूण या फाइलीत दर व्यवहारानंतर नवी रँडम संख्या लिहा, तीच निर्देशांकातही. जुळली नाही की पुनर्बांधणी. चढता क्रमांक वापरू नका. मागे जाऊन पुन्हा तितकेच व्यवहार झाले तर ११८ ला ११८ भेटेल आणि आतला माल वेगळा असेल.

शेलपाकोळी

एफएचएस काटेकोर वाचलं तर /ऑप्ट मध्ये फक्त स्थिर फायली, बदलत्या /व्हार/ऑप्ट मध्ये. नोंदी आणि खूण तिथे ठेवणं नियमाबाहेर आहे. पण मीही ठेवेन. नियमापायी दुसरी अडचण परत ओढवून घेण्यात काय हशील?

एसक्यूलाइटमध्ये वॉल मोड (बदल आधी वेगळ्या लॉग फाइलीत लिहिण्याची पद्धत) असेल तर बंद करा. डेटाबेस रूट युजरच्या मालकीच्या डिरेक्टरीत आहे, साध्या युजरने 'पोतडी यादी' म्हटलं की एसक्यूलाइटला शेजारी '-एसएचएम' फाइल लागते आणि ती बनवायची परवानगी नसते. नुसतं वाचायला गेलेला माणूस 'अनेबल टू ओपन डेटाबेस फाइल' वाचून परततो. डिलीट जर्नल मोड इथे पुरेसा आहे.

कोरडा_लॉग

लॉकचं. फाइल 'आहे की नाही' यावर लॉक ठरवू नका. पॅकमन तसं करतो, म्हणून तो मध्येच मेला की /व्हार/लिब/पॅकमन/डीबी.एलसीके पुसत बसावं लागतं. डीपीकेजी कर्नलकडून एफसीएनटीएलचं लॉक घेतो. फाइल कायम पडून असते, प्रक्रिया मेली की लॉक कर्नलच सोडवतो. तुम्ही एफलॉक (कर्नलचंच दुसरं लॉक) घ्या. एफसीएनटीएलमध्ये एक खोच आहे: त्याच प्रक्रियेने ती फाइल दुसरीकडे उघडून नुसती बंद केली तरी लॉक सुटतं. काम झाल्यावर लॉक फाइल पुसूही नका. एकाने जुन्या आयनोडवर (पुसलेल्या नावामागच्या मूळ फाइलीवर) लॉक धरलेलं आणि दुसऱ्याने त्याच नावाच्या नव्या फाइलीवर, असे दोघंही आत शिरतात.

लॉक /रन मध्ये ठेवावं असं कोणी सुचवेल. पोतडीला दुसऱ्या रूटमध्ये (उदा. कंटेनरच्या फाइल-झाडात) इन्स्टॉल करायची सोय असेल तर ते चुकीचं. यजमान आणि कंटेनरचं /रन वेगवेगळं, आणि दोघं एकाच झाडावर लिहीत बसतात. लॉक त्या झाडातच हवं: /ऑप्ट/पोतडी/लॉक.

उंबरठा

सगळ्यांचे आभार. वॉल मोड चालूच होता. मग /पोतडी चा विचार सोडून देऊ ना? आणि इन्स्टॉलनंतरच्या स्क्रिप्ट कुठून चालवाव्यात?

आयनोड४२

सोडाच. निक्सचा पाथ पक्का असण्याचं कारण वेगळं आहे. ईएलएफ फाइलीतला (लिनक्सच्या बायनरीतला) लोडर, आरपाथ (लायब्ररी शोधायची वाट), स्क्रिप्टची शेबँग ओळ ('#!' ने सुरू होणारी पहिली ओळ), सगळीकडे पूर्ण पाथ कोरलेला असतो, म्हणून तयार बायनरी /निक्स/स्टोअर मध्येच चालतात. लिनक्सवरचं होमब्रू /होम/लिनक्सब्रू/.लिनक्सब्रू ला चिकटून असतं तेही याचसाठी. तुमचा /ऑप्ट/पोतडी पाथ असाच कोरला गेलाय, तो बदललात तर सगळं पुन्हा बिल्ड करा. वर फेडोरा सिल्व्हरब्लूसारख्या, रूट फक्त-वाचनीय ठेवणाऱ्या व्यवस्थेत / खाली नवी डिरेक्टरी साध्या एमकेडिरने बनतच नाही.

तिथे /ऑप्ट ही /व्हार/ऑप्ट ची सिमलिंक असते. बिल्ड करताना रिअलपाथ (सिमलिंक सोडवून खरा पाथ काढणारी कमांड) लावू नका, नाहीतर बायनरीत /व्हार/ऑप्ट कोरलं जाईल आणि इतर यंत्रांवर लायब्ररी सापडणार नाही. पाथ आखूडही ठेवा. कर्नल ५.१ च्या आधी शेबँगची ओळ १२७ अक्षरांवर कापली जायची, आता २५५ वर.

स्क्रिप्ट कुठेही ठेवा, पण थेट न चालवता /बिन/एसएच ला फाइलीचं नाव देऊन चालवा. सुरक्षेसाठी /व्हार किंवा /टीएमपी नोएक्झेक (तिथून प्रोग्रॅम थेट चालवायला मनाई) माउंट करणारे असतात. डीपीकेजीच्या स्क्रिप्ट /व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो मधून थेट चालतात, म्हणून नोएक्झेक /व्हार वर 'परमिशन डिनाइड' येतं आणि पॅकेज अर्धवट लटकतं.

शेलपाकोळी

थांबा, वरच्या दोन सल्ल्यांची गाठ पडली तर घात होईल. आयनोड४२ म्हणतात डेटाबेसमध्ये नसलेली डिरेक्टरी पुसा. जुनी_गाठ म्हणतात डेटाबेस कधीही पुसला तरी चालेल. दोन्ही एकत्र केलं तर कॅश साफ केल्यावर पोतडी पहिल्याच फेरीत सगळी पॅकेजेस अनाथ समजून उडवेल.

आयनोड४२

बरोबर, माझा तो सल्ला मागे घेतो. नोंद पॅकेजच्या आतच असेल तर पॅकेजेस मध्ये रिनेम होऊन पोचलेली प्रत्येक डिरेक्टरी बसलेलीच समजायची. चालू होताना फक्त .कच्चे रिकामं करा, तेही लॉक हातात आल्यावर. काढताना उलट: डिरेक्टरी आधी रिनेम करून .कच्चे मध्ये ढकला, मग निवांत पुसा.

जुनी_गाठ

आणि स्थलांतर करताना जुना डेटाबेस नुसता पुसू नका. एखाद्या यंत्रावर जुनी पोतडी राहिली असेल तर ती त्या जागी कोरा डेटाबेस बनवून त्यात लिहीत सुटेल. डीबी.एसक्यूलाइट दुसऱ्या नावाने बाजूला करा आणि त्याच जुन्या नावाची रिकामी डिरेक्टरी बनवून ठेवा. एसक्यूलाइटला डिरेक्टरी उघडता येत नाही, जुनी पोतडी तिथेच एरर देऊन थांबेल.