शेलाट्या बांध्याचे पुरुष : कपडे अंगाला बेतावेत की अंग झाकण्यासाठी घालावेत?

धागाकर्ता

सडपातळ पुरुषांना कपड्यांबाबत मिळणारा सल्ला बहुतेक वेळा एकाच हेतूने दिलेला असतो : आहोत त्यापेक्षा भरलेले दिसावे. सैल शर्ट घ्या, आत एक जाड बनियन चढवा, आडव्या रेघा घाला, उभ्या टाळा. त्यात आपल्याकडची वाढत्या अंगाचे कपडे घेण्याची जुनी सवय मिसळते. शाळेच्या गणवेशापुरती ती शहाणपणाची असेल, पण तिशीतल्या माणसाने पुढेमागे अंग धरेल या आशेवर दोन मापे मोठा शर्ट घेण्यात अर्थ नाही. माझे मत असे की कपडा नीट बसला, तर बारीकपणा उणीव म्हणून डोळ्यांत भरत नाही. सैल कपड्यात मात्र मान आणि मनगटे आहेत त्याहून बारीक दिसतात, कारण त्यांच्याभोवतीची पोकळी नजरेत येते.

खरी अडचण मापांची आहे. तयार शर्ट बहुतेक दुकानांत ३८ पासून सुरू होतात. हा आकडा छातीचा असतो आणि कापडाचा प्रत्यक्ष घेर त्याहून साधारण ४ इंच जास्त ठेवलेला असतो. छाती ३४ असलेल्या माणसाने तो शर्ट घातला की अंगाभोवती ८ इंच कापड मोकळे राहते, आणि शर्ट खोचल्यावर ते पट्ट्याच्या वर फुगून बसते. म्हणून दुकानात सर्वांत आधी शोल्डर पाहावे. बाहीची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकाशी आली पाहिजे. कडेच्या शिवणी आत घेणे, पाठीला दोन डार्ट (कापड आत दुमडून घेतलेल्या शिवणी) घालणे, बाही आखूड करणे ही कामे गल्लीतला टेलरही करून देतो. शोल्डर कमी करायचे झाले, तर बाही उसवून, मुंढा (बाही जोडायची खाच) नव्याने कापून ती पुन्हा जोडावी लागते आणि साध्या शर्टाच्या किमतीत ती शिलाई परवडत नाही.

पँटच्या बाबतीतही अंगाचे माप महत्त्वाचे आहे, पण पायाला चिकटणारी पँट मी सुचवत नाही. मांडीपासून सरळ उतरून मोहरीकडे (पायाशी येणाऱ्या घेराकडे) किंचित निमुळती होणारी पँट बारीक पायांना सर्वांत शोभते.

रत्नागिरीकर

धागाकर्त्यांशी मी सहमत नाही. सैल कपडा म्हणजे अंग लपवण्याची धडपड, हे गृहीतकच मला मान्य नाही. किनारपट्टीवर मार्चपासून पहिला पाऊस पडेपर्यंत जी दमट हवा असते, तिच्यात अंगाबरोबर बेतलेला शर्ट दुपारपर्यंत पाठीला चिकटतो. आमच्याकडे नेहरू शर्ट आणि लेंगा सैल शिवला जातो, तो वारा खेळता राहावा म्हणून. तो अंगावर घालणाऱ्या कोणत्याही बारीक माणसाला आपण अंग लपवत आहोत असे वाटत नाही.

दुसरे असे की अंगासरशा कपड्यांचा हा आग्रह तसा अलीकडचा आहे. फॅशन डिझायनर हेडी स्लिमेन यांनी २००० ते २००७ या काळात दिओर ऑम या पुरुषांच्या कपड्यांच्या फ्रेंच ब्रँडसाठी जे अरुंद सूट बेतले, त्यांचा प्रभाव पुढे साध्या दुकानांतल्या ‘स्लिम फिट’पर्यंत झिरपला. त्याआधी १९८०च्या दशकात इटालियन डिझायनर अर्मानी यांचे सैल, मऊ कोट हेच रुबाबाचे लक्षण होते. बदलत्या चालीला नियमाचे रूप का द्यावे?

एक वाचक, नागपूर

मला दुसऱ्या बाजूने आक्षेप घ्यायचा आहे. थोडे भरलेले दिसावे ही इच्छा चुकीची का ठरवावी? ज्याला कॉलेजात चार वर्षे ‘काडीपैलवान’ म्हणून हाक मारली गेली, त्याला मुलाखतीला जाताना खांदे जरा रुंद दिसावेत असे वाटले, तर ती त्याची गरज आहे, आणि तिला उत्तर देणारा सल्ला तुच्छ मानू नये. शर्टावर बंडी घातली की छातीला भरीवपणा येतो; आडव्या रेघांनी अंग रुंद दिसते. हे उपाय स्वस्त आहेत आणि कोणालाही जमतात.

धागाकर्ता

नागपूरच्या वाचकांचा पहिला मुद्दा मी मनापासून मान्य करतो. त्या इच्छेला मी हसत नाही, आणि कोणी हसूही नये. बंडीबद्दलही वाद नाही, कारण ती खांद्यावर नीट बसते आणि छातीवर एक जाड थर देते. पण आडव्या रेघांचा सल्ला ऐकीव आहे. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६७ सालीच नोंदवले होते की आडव्या रेघांनी भरलेला चौरस उंच आणि अरुंद भासतो, तर उभ्या रेघांचा रुंद. यॉर्क विद्यापीठातील दोन संशोधकांनी २०११ साली हेच कपड्यांच्या बाबतीत तपासले, तेव्हाही आडव्या रेघांनी आकृती रुंद दिसत नाही असे आढळले. त्यांनी स्त्रियांची चित्रे वापरली होती, हे खरे. तरीही ज्या आधारावर बारीक पुरुषांना आडव्या रेघांचे टी-शर्ट घ्यायला सांगितले जाते, तो आधार डळमळीत आहे, एवढे नक्की.

रेघांपेक्षा कापडाकडे लक्ष द्यावे. पातळ पॉपलिन अंगावर पडून हाडांचा आकार दाखवते. ऑक्सफर्ड, ट्विल किंवा जाडसर खादी स्वतःचा आकार धरून राहते. रत्नागिरीकरांच्या हवेतही हाताने कातलेल्या सुताची खादी चालते, आणि ती अंगाला चिकटत नाही.

शिवणकामातला एक

टेलरिंगच्या व्यवसायात असल्यामुळे दोन्ही बाजूंना थोडा विरोध करतो. रत्नागिरीकर म्हणतात तो नेहरू शर्ट सैल असला, तरी त्याचे शोल्डर आम्ही मापातच बेततो. घेर सोडतो तो छातीच्या खाली. खांद्यावरून ओघळणारा कपडा आणि घेर असलेला कपडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या चर्चेत त्यांची गल्लत होत आहे.

धागाकर्त्यांना सांगावेसे वाटते की कडेच्या शिवणी आत घेण्यालाही मर्यादा आहे. मुंढा खोल तसाच ठेवून फक्त घेर कमी केला, तर हात वर करताच अख्खा शर्ट पट्ट्यातून वर येतो, आणि गिऱ्हाईक दोष शिलाईला देते. पँटची कंबर दोन इंचांपलीकडे घेतली की मागचे खिसे एकमेकांजवळ सरकतात आणि आसनाचा तोल बिघडतो. छाती ३६च्या आत असेल, तर तयार शर्ट दुरुस्त करत बसण्यापेक्षा कापड घेऊन शिवून घ्यावे, मुंढा उंच ठेवायला सांगावा आणि शिवणीत माया (जास्तीचे कापड) सोडायला लावावी. माप देताना छाती फुगवू नये, श्वास साधा ठेवावा. बारीक मुले हमखास फुगवतात आणि शर्ट पुन्हा सैलच होतो.

रत्नागिरीकर

शोल्डर आणि घेर यांतला फरक पटला. मात्र ऑफिसातही घेरदार शर्ट न खोचता घालता यावा, असे मला अजूनही वाटते.