उभ्या गाडीचा इन्शुरन्स भरायचाच कशाला?

पायउतार: बाबांची गाडी वर्षभर आवारात कव्हर घालून उभी आहे. डॉक्टरांनी त्यांना चालवायला मनाई केलीये आणि माझं ऑफिस चालत जाण्याएवढं जवळ. विकायचा विषय काढला की बाबा ताटावरून उठतात. आज रिन्यूअलचा मेसेज आला आणि डोकंच फिरलं, जी गाडी फाटकाबाहेर जात नाही ती ठोकणार कोणाला? माझ्या मते हा निव्वळ दानधर्म आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी सांगा.

टोपणझाकण: अहो तुम्ही फक्त ठोकण्याचाच विचार करताय. आग, चोरी, पुराचं पाणी, वर झाड पडणं, यातल्या कशाला गाडी चालू असावी लागते? उलट उभ्या गाडीकडे कोणी ढुंकून बघत नाही. आमच्या गाडीत उंदरांनी बॉनेटच्या आतल्या अस्तराचा कापूस ओढून इंजिनवर मस्त गादी केली होती आणि शेजारीच कुरतडलेली वायर, आतली तांब्याची तार लख्ख उघडी. नशीब बॅटरी आधीच मेलेली होती.

पायउतार: मग वायरिंगचे पैसे दिले का कंपनीने?

टोपणझाकण: नाही दिले :) आमच्या पॉलिसीत उंदीर वगळलेले होते. पण त्याने आग लागली असती तर ती कव्हर होती ना!

हिशेबी: घ्या, म्हणजे जे खरंच होतं तेच नेमकं वगळलेलं. उभ्या गाडीचं होतं काय, बॅटरी उतरते, टायर एका जागी दबून चपटे होतात, पेट्रोल शिळं होतं, ब्रेक डिस्कला गंज चढतो. या सगळ्याला कंपनी झीज म्हणून मोकळी होते. धागाकर्त्याशी 100 टक्के सहमत. बॅटरी काढा, गाडी ठोकळ्यांवर चढवा आणि प्रीमियमचे पैसे बाजूला टाका, टायरला कामी येतील.

कलमदान: दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी होतेय इथे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा घ्यायचा की नाही ही तुमची मर्जी, थर्ड पार्टीचं, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याला भरपाई देणाऱ्या विम्याचं, तसं नाही. पोर्तुगालमधली केस वाचा. एका बाईंनी तब्येतीमुळे गाडी चालवणं सोडलं, गाडी अंगणात उभी, विमा नाही, पण रजिस्ट्रेशन चालूच. 2006 मध्ये मुलगा त्यांना न सांगता ती घेऊन गेला, गाडी रस्त्याबाहेर गेली, तो आणि बरोबरचे दोघं दगावले. त्या दोघांच्या घरच्यांना भरपाई विमा नसलेल्या गाड्यांच्या अपघातांसाठी असलेल्या तिथल्या फंडाने दिली आणि मग फंड वसुलीसाठी बाईंच्या मागे लागला. 2018 मध्ये युरोपियन युनियनच्या कोर्टाने सांगितलं की गाडी रजिस्टर्ड आहे आणि चालण्यासारखी आहे म्हणजे विमा हवाच होता, अंगणात उभी होती हे चालणार नाही.

हिशेबी: ते तिकडचं झालं. ब्रिटनमध्ये गाडी रस्त्यावर आणणार नाही असं सरकारला रीतसर कळवलं की विमा लागत नाही, म्हणजे कायद्यालाही माझं पटतं 😄

कलमदान: कळवलं तरच! न कळवता गप्प बसलं तर तिथेही दंडच आहे. आणि कळवल्यावर गाडी खाजगी जागेतच ठेवायची, फाटकासमोर रस्त्याकडेला लावली तरी चालत नाही.

मधलीगल्ली: भांडू नका रे. काही कंपन्या गाडी बंद असताना फक्त आग आणि चोरीचं कव्हर देतात, स्वस्त पडतं, पायउतार तुम्ही आधी ते विचारा. पण गाडीवर लोन असेल तर विसरा, बँक फुल कव्हरच मागते. आणि पूर्ण बंद केलात तर नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) जाऊ शकतो, परत चालू करताना इन्स्पेक्शनचं झेंगट वेगळंच.

पायउतार: लोन नाहीये. आग-चोरीचं उद्या विचारतो, बाकी फुल कव्हरचं अजूनही पटलेलं नाही. पण ती पोर्तुगालची केस वाचून उठून बघितलं तर चावी दारामागच्या खिळ्यालाच लटकतेय आणि पुतण्या सुट्टीला आलाय, वय वर्षं 16. चावी आत्ताच कपाटात टाकलीये.