वेगळं होण्याआधी ऑस्ट्रेलिया

कोणीतरी लिहिलंय की घटस्फोट ठरलेल्या नवराबायकोने मिळून ऑस्ट्रेलिया फिरायला जायचं म्हणजे निव्वळ नाटक. मला अजिबात तसं वाटत नाही, इतकी वर्षं एकत्र काढल्यावर नीट निरोप घ्यावासा वाटणं खूप चांगलं आहे. असं जाणार असाल तर फक्त रूट जपून ठरवा, नकाशात जवळ दिसतं ते तिथे जवळ नसतं, मध्य ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅलिस स्प्रिंग्ज गावाहून उलुरू हा प्रचंड खडक साधारण ४५० किमी आहे आणि गाडीत बोलायला दोघंच, त्यामुळे मन हळवं असेल तर सरळ उलुरूजवळच्या एअर्स रॉक एअरपोर्टलाच उतरा. खडकावर चढणं २०१९ पासून बंद आहे, तिथल्या मूळनिवासी अनांगू लोकांसाठी ती पवित्र जागा आहे, पण पायथ्याभोवतीचा १० किमीचा फेरा दोघांनी सकाळी लवकर चालाच, बोललात तर छान, नाही बोललात तरी चालतं. दक्षिणेकडचा समुद्रकाठचा ग्रेट ओशन रोड मात्र प्लीज एका दिवसात उरकू नका, पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी गेलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ बांधलेला रस्ता आहे तो, वाटेतल्या लॉर्न किंवा अपोलो बे गावात मुक्काम करा. आणि तिथलेच रहिवासी असाल तर निघण्याआधी वकिलाशी बोलून घ्या, कारण तिकडे घटस्फोटाच्या अर्जाआधी १२ महिने विभक्त असावं लागतं, तेव्हा अशा एकत्र सहलीचा त्यावर काही परिणाम होतो का ते विचारलेलं बरं.