मदत हवी आहे: कृतिपत्रकात न मावणारं कसब उत्पादन विभागाकडे कसं पोचवायचं?

संशोधन विभागाची एक कोटिंग प्रक्रिया उत्पादनाकडे सोपवायची आहे. कृतिपत्रक, रेखाचित्रं, तापमान आणि वेळेच्या मर्यादा, सगळं लेखी आहे. तरी नव्या चमूकडे थर कधी सोलतो, कधी त्यात बारीक छिद्रं पडतात, आणि नोंदवलेले आकडे मात्र मर्यादेतच! जाणकार मंडळी मिश्रणाची धार पाहून ढवळण्याचा वेग बदलतात. विचारलं तर "अंदाजानं" एवढंच उत्तर मिळतं.

१९७०च्या दशकात विज्ञानाचे समाजशास्त्रज्ञ हॅरी कॉलिन्स यांनी टीईए लेझर (कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारा एक लेझर) बनवणाऱ्या प्रयोगशाळांचा अभ्यास केला, तेव्हा नुसत्या छापील माहितीवरून एकाही प्रयोगशाळेला तो चालवता आला नव्हता. चालता लेझर असलेल्यांशी प्रत्यक्ष संपर्क होता त्यांनाच जमलं. कपॅसिटरची तार आखूड हवी, हे सर्किटच्या आकृतीत दिसत नव्हतं.

म्हणून योजना अशी: नव्या चमूतल्या दोघांनी आधी जाणकाराशेजारी उभं राहून पाहायचं, मग देखरेखीखाली करायचं, शेवटी जाणकाराविना सलग ३ बॅच. मधे मुद्दाम बिघाड घडवायचा (मिश्रण दाट, पृष्ठभाग तेलकट) आणि कारण ओळखायला लावायचं. माझ्या मते खरं शिक्षण इथंच होतं.

दोन गोष्टी अडल्या आहेत. धारेसारखी खूण व्हिस्कॉसिटी कपाच्या (तळाला भोक असलेला कप; तो रिकामा व्हायला लागणाऱ्या वेळेवरून दाटपणा कळतो) सेकंदांत बांधावी, की त्यानं नजर तयार होणंच थांबेल? आणि नव्या चमूनं केलेली सुधारणा संशोधनाकडे परत कशी न्यायची? प्रत्येक बदलाला मंजुरी लागली की लोक बदल लपवतात. कोणी ही घडी बसवली असेल तर नोंदीचा नमुना आणि मंजुरीची पद्धत सांगाल का?