‘प्लेग’, ‘महामारी’ की ‘मरी’? : एका जुन्या भयपटाची उपशीर्षके

उपशीर्षककार : आमच्या चित्रपट मंडळासाठी मी ‘द लास्ट मॅन ऑन अर्थ’ या १९६४ च्या कृष्णधवल भयपटाची मराठी उपशीर्षके करीत आहे. व्हिन्सेंट प्राइसने रंगविलेला डॉ. मॉर्गन हा साथीतून एकटाच वाचलेला संशोधक दिवसा ओसाड शहरात फिरून निजलेल्या मृतांच्या छातीत लाकडी मेखा ठोकतो आणि रात्री दाराला लसूण व आरसे टांगून आत बसून राहतो. मूळ संवादातला ‘प्लेग’ मी तसाच ठेवला होता. मंडळातील एका ज्येष्ठांनी तो खोडून ‘महामारी’ केला. जाणकारांनी मत द्यावे.

जुनी पेठ : ज्येष्ठांचे बरोबर आहे. पुणेकराला प्लेग म्हटले की १८९७, रँड आणि काखेतली गाठ आठवते. त्या काळचे लेखक तर ‘ग्रंथिक सन्निपात’ लिहीत. या चित्रपटात ना उंदीर मरून पडतात, ना कोणाला गाठ येते. आमची आजी ‘प्लेगात गाव उठला’ म्हणे, तेव्हा माणसे माळावर झोपड्या घालून राहत आणि साथ ओसरली की परत येत. मॉर्गनच्या गावात परत यायला कोणी उरलेलेच नाही.

शुद्धमती : ‘महामारी’ हा हिंदी वृत्तवाहिन्यांकडून २०२० साली आलेला उसना शब्द आहे. आपल्याकडे ‘साथ’ असताना तो कशाला?

घाटावरचा : उसना कसा? सप्तशतीच्या बाराव्या अध्यायात ‘महामारीस्वरूपया’ असे स्पष्ट आहे. मात्र माझे मत ‘मरी’ला. आमच्याकडे साथ आली की मरीआईचा गाडा पुढच्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडत आणि ते गाव तो आणखी पुढे ढकलत असे. रोग असा दारोदार सरकतो, हे ‘साथ’ या सपक शब्दात कुठे येते?

शुद्धमती : रोममध्ये चित्रित झालेल्या चित्रपटात मरीआई?

काणकोणकार : त्याहून मोठी अडचण मेल्यावर उठणाऱ्यांची आहे. उपशीर्षककारांनी नमुन्यादाखल पाठविलेल्या उताऱ्यात त्यांना ‘वेताळ’ म्हटले आहे. आमच्या लोलये-पैंगीण भागात वेताळ हे दैवत आहे. त्याला मेख ठोकण्याची भाषा तेथे कोणी ऐकून घेणार नाही.

जुनी पेठ : मग ‘पिशाच’ लिहावे. पिशित म्हणजे मांस, ते खाणारा तो पिशाच, अशी व्युत्पत्ती सांगतात. रक्त काही फार दूर नाही.

काणकोणकार : व्युत्पत्ती काहीही असो, आपले समंध, मुंजे, हडळी देह सोडून भटकणाऱ्या असतात. येथे मॉर्गनने चोरून पुरलेली बायको स्वतःच्याच देहानिशी रात्री घरी परत येते. पंचविशीतला वेताळ प्रेतात शिरतो खरा, पण दुसऱ्याच्या.

उपशीर्षककार : माझा प्रश्न ‘प्लेग’चा होता.

रातराणी : तो यातूनच सुटेल, असे मला वाटते. शेवटाकडे भेटणारी रूथ आणि तिचे लोक रोगग्रस्तच आहेत, पण औषध टोचून घेऊन जगतात आणि मॉर्गनने मेखा ठोकलेल्यांत त्यांचीही माणसे होती. म्हणजे तो ज्यांना भुते समजतो त्यांतले काही रुग्ण आहेत. मराठीत ‘बाधा’ भुताचीही होते आणि रोगाचीही. ‘बाधा’ व ‘बाधित’ हीच जोडी सर्वत्र ठेवली, तर चित्रपटातला हा घोटाळा प्रेक्षकाला कुणी समजावून सांगावा लागणार नाही.

शुद्धमती : ‘बाधित’ म्हणजे शुद्ध सरकारी परिपत्रक! ‘आज इतके बाधित आढळले’ हे ऐकून कोणाला भीती वाटेल?

रातराणी : ताई, त्या वाक्याची भीती वाटली नाही असे घर मला दाखवा.

घाटावरचा : जुना सहकारी कॉर्टमन रोज रात्री दाराशी येऊन मॉर्गनला बाहेर बोलावतो, तेथे ‘बाहेर ये’ लिहिले आहे की ‘बाहेर या’? एका प्रयोगशाळेतले दोन डॉक्टर आमच्याकडे तरी एकमेकांना अहो-जाहो करतील.

जुनी पेठ : मेल्यानंतरही?