गॉडफादर: मायकल परत आला कसा?

रातकिडा:
काल रात्री परत गॉडफादर लावला (पहिला, १९७२चा), कितव्यांदा ते विचारू नका. पण ह्या वेळी एक गोष्ट डोक्यातून जाईचना. माफिया डॉनचा धाकटा पोरगा मायकल भरल्या हॉटेलात, लोक जेवत बसलेले असताना ड्रग्जवाला सोलोझो आणि मॅक्लस्कीला गोळ्या घालतो. मॅक्लस्की म्हणजे काय साधा हवालदार नाही, न्यूयॉर्क पोलिसातला कॅप्टन. मग पठ्ठ्या सिसिलीला पळतो, तिकडे लग्न करतो, बायको गाडीच्या स्फोटात जाते आणि नंतर बघावं तर हा हॅट घालून जुनी प्रेयसी के हिच्या शाळेपाशी हजर, वर म्हणतो येऊन वर्ष झालं! अरे पोलीस झोपले होते का? पाच माफिया फॅमिलींच्या मीटिंगमध्ये डॉन फक्त एवढंच बोलतो की पोरावरचे खोटे आरोप काढून त्याला परत आणायचंय. खोटे म्हणे.
दुसरं, त्या फिल्म प्रोड्यूसर वोल्ट्झच्या अंथरुणात घोड्याचं मुंडकं ठेवून जातात आणि ह्याला सकाळपर्यंत पत्ता नाही? मला डास चावला तरी जाग येते.

चष्मिष:
ज्यावरून पिक्चर काढला ती पुझोची कादंबरी वाचा राव. त्यात बोकिकिओ म्हणून एक घराणं आहे, त्यांचा धंदाच हा, की दोन टोळ्यांची बोलणी चालू असताना ह्यांचा माणूस ओलीस बसणार. तो मेला तर ते शब्द मोडणाऱ्याला सोडत नाहीत, म्हणून सगळे नीट वागतात. त्यातल्याच एकाला दुसऱ्याच खुनांसाठी मृत्युदंड झालेला असतो, तो कबूल करतो की सोलोझो आणि मॅक्लस्कीलाही मीच मारलं. मरणार तर तसाही होताच, डॉन त्याच्या घरच्यांची सोय लावतो, मायकल मोकळा. पिक्चरमध्ये हे सगळं उडवलंय, ओलीस माणूस डॉनच्या क्लेमेंझाकडे पत्ते खेळत बसलाय एवढंच एक वाक्य उरलंय.

रातकिडा:
अच्छा! म्हणजे भोक कथेत नाही, कात्रीने पाडलंय. पण मग ज्याने पुस्तक वाचलं नाही त्याने काय करायचं?

कटिंग:
मला हे कधी खटकलं नाही खरं तर. मायकलच डॉनच्या वकिलाला, टॉमला विचारतो ना की पेपरवाले आपल्या पगारावर आहेत, त्यांना ड्रग्जवाल्याचा बॉडीगार्ड झालेल्या पोलिसाची स्टोरी आवडेल. त्यातून बाकीचं आपण समजून घ्यायचं, नेते डॉनच्या खिशात आहेत हे तर सोलोझोच बोलून दाखवतो.
मला खरा लोच्या मायकलचा थोरला भाऊ सनीच्या मरणात वाटतो. कार्लो बायकोला, म्हणजे सनीच्या बहिणीला, कॉनीला मारणार, ती फोन करणार, सनी एकटाच तडक निघणार, त्याच टोलनाक्यावरून जाणार, आणि दुश्मनांची माणसं बूथमध्ये टपून. एक जरी गोष्ट चुकली तर? तो घरी नसता तर? टॉमने पाठवलेली माणसं दोन मिनिटं आधी पोचली असती तर?

चष्मिष:
सनीचा स्वभाव सगळ्या गावाला माहीत होता हो. आधी एकदा कार्लोला भर रस्त्यात कचऱ्याच्या डब्याच्या झाकणाने बडवलेलाच असतो, त्यामुळे पुन्हा हात लागला की हा धावणार ह्यात जुगार कसला. आणि भांडण पेटवणारा त्या बाईचा फोन आठवा, तो काय उगाच आला?

कटिंग:
धावणार हे मान्य, पण *त्याच रस्त्याने* धावणार हे कुणी सांगितलं?

मधली_सुट्टी:
त्याच मारामारीत सनीचा एक ठोसा कार्लोच्या तोंडापासून वीतभर लांबून जातो, तरी कार्लोची मान फिरते. स्लोमध्ये बघा. तुम्ही लोक पोलीस केस शोधताय आणि एवढं दिसत नाही.
बाकी घोड्याचं मुंडकं शूटिंगला खरंच आणलेलं, कुत्र्यांचं खाणं बनवणाऱ्या कारखान्यातून. जाग कशी आली नाही ते मात्र माझ्याही डोक्यात शिरत नाही, गुंगीचं औषध दिलं असेल असं धरून चालतो मी.

रातकिडा:
ठोसा बघितला आत्ता. च्यायला. आता दर वेळी तोच दिसणार.