मुलांसाठी पारंपरिक धनुर्विद्येचा वर्ग: सामान किती, पौंडेज किती, पहिला महिना कसा?

रानवारा
आमच्या युवा मंडळातर्फे 9 ते 16 वयाच्या 18 मुलामुलींसाठी पारंपरिक धनुर्विद्येचा वर्ग सुरू करायचा आहे. साइट (नेम धरायची खूण), स्टॅबिलायझर (धनुष्य स्थिर ठेवणारे दांडे), क्लिकर (ओढ पूर्ण झाली की टिक वाजणारी पट्टी) यातलं काही नाही. साधा रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) किंवा लाँगबो (लांब, सरळ धनुष्य), बाण शेल्फवरून, म्हणजे मुठीच्या वरच्या कडेवर टेकवून सोडायचा. जागा 40 मीटर लांब, 15 मीटर रुंद, टोकाला विटांची भिंत. शिकवणारे दोघे. आठवड्यातून दोन दिवस, दीड-दीड तास. खरेदी अजून केलेली नाही, म्हणून आत्ताच विचारतो: धनुष्यं किती आणि किती पौंडांची? बाण लाकडी की कार्बनचे? आणि पहिल्या महिन्यात नेमकं काय घ्यायचं?

शरसंधान
आधी पौंडेज, म्हणजे धनुष्य ओढायला लागणारं वजन, ठरवा. जड धनुष्य हातात आलं की मूल पाठीच्या स्नायूंऐवजी दंडाने ओढतं, धनुष्य धरलेला खांदा कानाकडे चढतो, कंबर मागे झुकते. ही सवय दोन आठवड्यांत लागते आणि सुटता सुटत नाही.

9-10 वर्षांच्या मुलांना 10 ते 14 पौंड, 11 ते 13 वयाला 14 ते 18, त्यापुढच्यांना 18 ते 22. हे आकडे प्रत्यक्ष बोटांवर येणाऱ्या वजनाचे आहेत. धनुष्यावर लिहिलेलं वजन 28 इंच ओढीचं (दोरी मागे खेचण्याच्या अंतराचं) असतं. 20 पौंडांचं धनुष्य 24 इंचच ओढलं तर हातात साधारण 16 पौंड येतात. ओढ काढायला दोन्ही हात आडवे पसरून मधल्या बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत मोजा आणि 2.5 ने भागा. 150 सेंमी भरले तर ओढ 60 सेंमी, म्हणजे साडेतेवीस इंचांच्या आसपास.

वजन पेलतंय का ते बघायची सोपी परीक्षा: टार्गेटसमोर पाच मीटरवर, बाण लावून, पूर्ण ओढून बोट ओठाच्या कोपऱ्याला टेकवायचं आणि दहा सेकंद धरायचं. मग हळूच परत आणायचं, सोडायचं नाही. थोडी विश्रांती देऊन असं तीनदा. तिसऱ्या वेळीही हात थरथरला नाही आणि खांदा जागेवर राहिला तर वजन बरोबर. मुलाने स्वतःहून जड धनुष्य मागितलं तरी ही परीक्षा झाल्याशिवाय देऊ नका.

18 मुलांना 18 धनुष्यं लागत नाहीत. रेषेवर एका वेळी सहा जण. उरलेल्यांपैकी सहा रबरी पट्ट्यावर ओढीचा सराव करतात आणि सहा बाण तपासतात, धनुष्य चढवायला-उतरवायला शिकतात. त्यामुळे दहा पुरतात: 48 इंची 14 पौंडांची तीन, 54 इंची 18 पौंडांची चार, 62 इंची 20 ते 24 पौंडांची तीन. दोन्ही बाजूंना शेल्फ असलेली घेतलीत तर डावखुऱ्यांसाठी वेगळी लागणार नाहीत.

पीस_आणि_नॉक
लाकडी बाण दिसायला सुंदर, पण नवशिक्यांसाठी नको. 15-20 पौंडांना जुळेल इतकी लवचीक लाकडी काडी सहज मिळत नाही, आणि उजव्या हाताने ओढणाऱ्याचा ताठ बाण डावीकडे जातो. मूल मग नेम उजवीकडे सरकवून चूक झाकायला शिकतं. कार्बनमध्ये 1000 किंवा त्याहून वरचा स्पाइन (बाणाच्या ताठपणाचा आकडा) घ्या; आकडा जितका मोठा तितका बाण लवचीक. लांबी कापू नका, 29-30 इंचच ठेवा. लांब बाण थोडा अधिक लवचीक वागतो, शिवाय मुलं वाढतात. आखूड बाण मात्र घातक: पूर्ण ओढल्यावर टोक शेल्फच्या आत येतं आणि सुटताना धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकतं. तपासायला बाणाचा नॉक (मागच्या टोकाची, दोरीत बसणारी खाच) छातीच्या मधोमध टेकवा, दोन्ही तळहातांत बाण धरून हात समोर ताणा. बोटांच्या पुढे किमान दोन इंच बाण उरला पाहिजे.

शेल्फवरून सोडायचे तर खरी पिसंच हवीत. प्लॅस्टिकचं व्हेन (पिसाऐवजी लावलेलं पातं) शेल्फला आपटून बाण उडवतं, पीस दबून निघून जातं. पिसं भिजली की चपटी होतात, एवढं सांभाळा. चार डझन बाण घ्या. सहा जणांचे प्रत्येकी तीन म्हणजे 18 वापरात, बाकीचे तुटण्या-हरवण्यासाठी.

प्रत्येक दिवशी सुरुवातीला प्रत्येक बाण दोन टोकांना धरून कानाजवळ हलका वाकवायचा आणि फिरवत पुन्हा वाकवायचा. कर्रकन आवाज आला किंवा चीर दिसली तर तिथल्या तिथे मोडून टाका. बाजूला ठेवलेला बाण परत भात्यात जातोच.

दोरी डॅक्रॉनची (थोडी ताणली जाणारी पॉलिएस्टरची). लिंबची, म्हणजे धनुष्याच्या वरच्या-खालच्या भुजांची, टोकं मजबूत केलेली नसतील तर कमी ताणणाऱ्या दोरीने ती फुटतात. दोरी चढवायला स्ट्रिंगर (त्यासाठीचा वेगळा दोर) वापरा, पाय अडकवून वाकवाल तर लिंब पिळतं. चढवल्यावर दोन्ही फासे खाचांत बसलेत का ते बोट फिरवून बघायचं. आणि बाण न लावता दोरी कधीच सोडायची नाही: जी शक्ती बाण नेतो ती लिंबातच राहते आणि लिंब चिरतं.

रेषेवर
दोघांनी सामान छान सांगितलं. मला त्या विटांच्या भिंतीची काळजी वाटते. चुकलेला बाण तिथे आपटून फुटतो किंवा उलट येतो. भिंतीपासून एखादा मीटर पुढे, टार्गेटच्या मागे दोन-तीन मीटरवर बाण अडवणारी जाळी सैल टांगा, खालचा काठ जमिनीवर लोळू द्या. ताणलेल्या जाळीतून बाण आरपार जातो, सैल जाळी त्याचा वेग खाते. भिंतीत दार असेल तर वर्गाच्या वेळेत कुलूप.

टार्गेट तीन, प्रत्येकावर दोघे. फोम थरांचा आणि मऊ घ्या. फार घट्ट दाबलेल्या फोमवरून 12 पौंडांच्या धनुष्याचा बाण उसळून परत येतो. मध्य मुलांच्या खांद्याच्या उंचीला. सोडायची रेषा सगळ्यांना एकच. अंतर बदलायचं तर टार्गेट पुढेमागे करा, मुलांना नाही. एक मूल दुसऱ्याच्या पुढे उभं राहिलं की अपघात ठरलेलाच.

शिट्ट्या पहिल्याच दिवशी पाठ: दोन म्हणजे रेषेवर या, एक म्हणजे सोडा, तीन म्हणजे धनुष्य स्टँडवर ठेवून बाण आणायला चला, पाच किंवा जास्त म्हणजे आहात तिथे थांबा, ओढलेलं हळूच परत आणा. पाचची शिट्टी दर वर्गात एकदा न सांगता वाजवा. सराव नसेल तर खऱ्या वेळी मुलं बाण सोडूनच थांबतात.

बाण काढताना टार्गेटसमोर कोणी नाही. काढणारा बाजूला उभा, एक हात टार्गेटवर सपाट, दुसऱ्याने बाण अगदी टार्गेटजवळ धरून सरळ मागे ओढायचा. मागच्या मुलाच्या डोळ्याला नॉक लागतो तो इथेच, म्हणून टार्गेटकडे पळत जायला पूर्ण बंदी. दोन शिक्षकांपैकी एक फक्त रेषेवर. तो त्या वेळी कोणाचा कोपर सुधारत बसणार नाही.

रानवारा
फार उपयोगी, आभार. जाळीचं डोक्यातच नव्हतं. दोन शंका: ओढताना बाण शेल्फवरून खाली पडतो, विशेषतः लहान मुलांचा, त्याला काय करावं? आणि उजव्या हाताचं पण डाव्या डोळ्याचं मूल असेल तर?

शरसंधान
बाण पडतो कारण बोटं नॉकला चिमटतात आणि ओढताना दोरी पिळतात. दोरी पहिल्या पेऱ्यात आकड्यासारखी अडकवा, तळहाताची मागची बाजू सपाट आणि सैल. लहानांना तिन्ही बोटं नॉकच्या खाली धरायला शिकवा. चिमटा बसतच नाही, आणि बाण डोळ्याजवळ आल्याने दिशाही लवकर कळते. मात्र या पकडीत नॉक दोरीवरून खाली सरकतो, म्हणून दोरीवर नॉकच्या वर गाठ असते तशीच खालीही दुसरी गाठ बांधा आणि नॉकिंग पॉइंट (दोरीवरची नॉक बसायची जागा) थोडा वर घ्या. टॅब (बोटांना दोरीपासून जपणारा तुकडा) सगळ्यांना हवाच.

डोळ्याची चाचणी: हात लांब करून दोन्ही तळव्यांमध्ये छोटी फट ठेवा, त्यातून लांबची वस्तू बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने वस्तू फटीत राहते तो प्रबळ. साइटशिवाय दोन्ही डोळे उघडे असतात, त्यामुळे इथे डोळा हातापेक्षा महत्त्वाचा. मूल लहान असेल तर सरळ डोळ्याच्या बाजूने शिकवा. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला दोन्ही बाजूंनी तीन-तीन वर्ग देऊन बघा आणि मग ठरवा.

रेषेवर
पहिल्या महिन्याबद्दल माझा आग्रह: टार्गेटवर वर्तुळांचा कागद लावू नका. पहिले दोन वर्ग फक्त शिट्ट्या, उभं राहणं आणि रबरी पट्टा. तिसऱ्यापासून पाच मीटरवर कोऱ्या फोमवर तीन-तीन बाण. नेम कुठे लागला ते बघायचं नाही, तिन्ही बाण एकमेकांजवळ आले का ते बघायचं. रंगीत वर्तुळ दिसलं की मूल ओढ पूर्ण व्हायच्या आतच सोडून देतं, आणि ही घाईची सुटका एकदा बसली की फार चिवट असते.

पीस_आणि_नॉक
महिनाभर कोरा फोम मला जास्त वाटतो, नऊ वर्षांची मुलं कंटाळून यायची बंद होतात. दोन आठवडे कोरा, मग फोमवर फुगे लावा: घाई होत नाही आणि फुटल्याचा आनंदही मिळतो. मग 10 मीटरवर 122 सेंमीचा कागद. तिन्ही बाण सलग तीन फेऱ्या कागदावर बसले की 15 मीटर. एका वर्गात दर मुलामागे 40 बाणांच्या वर जाऊ नका, त्यानंतर दमलेले स्नायू चुकीचंच शिकतात.

पुढे स्पर्धेची हौस आली तर बेअरबो (साइटशिवायच्या रिकर्व्हचा स्पर्धा प्रकार) हा जवळचा रस्ता. त्यात दोरी उतरवलेलं धनुष्य 12.2 सेंमीच्या कड्यातून जावं लागतं, हे मोठ्या मुलांसाठी धनुष्य घेताना लक्षात ठेवा.